परीक्षानळीत माणसाचा इस्ट्रोजेन रिसेप्टर: प्लास्मिडपासून बंधन-चाचणीपर्यंत

जेलवर ६६ किलोडाल्टनच्या आसपास रेघ दिसली की नवा विद्यार्थी आनंदाने सांगत येतो, "रिसेप्टर झाला." प्रथिन झालं, हे खरं. पण रिसेप्टर झाला की नाही, हे त्या रेघेवरून कळत नाही. एसडीएस या डिटर्जंटमध्ये तापवलं की नीट घडी पडलेलं प्रथिन आणि नुसता गोळा झालेलं प्रथिन, दोघांची रेघ सारखीच उमटते. संप्रेरक ओळखणारा, ते घट्ट धरणारा आणि मग डीएनएवर आपली जागा शोधणारा, तो रिसेप्टर. म्हणून या लेखात प्रथिन बनवण्यापेक्षा ते तपासण्यावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

उदाहरण घेतलं आहे माणसाच्या इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फाचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांनी ट्रिशियमची (किरणोत्सर्गी हायड्रोजनची) खूण लावलेलं इस्ट्राडायोल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, वापरून तो दाखवला, आणि १९८६ मध्ये त्याचा सीडीएनए (संदेश-आरएनएवरून उतरवलेली डीएनएची प्रत) हाती आला. स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासताना 'ईआर पॉझिटिव्ह' असं जे लिहितात, तो हाच. ५९५ अमिनो आम्लांची एक साखळी: पुढच्या बाजूला सैलसर भाग, मध्ये दोन जस्त-बोटांचा डीएनए धरणारा भाग, त्याच्या मागे संप्रेरकाचा कप्पा. पेशीच्या आवरणात रुतलेले रिसेप्टर, उदाहरणार्थ थायरॉइड-उत्तेजक संप्रेरकाचा, इथल्या पद्धतीने बनणार नाहीत. त्यांना लिपिडच्या चकत्या किंवा सौम्य डिटर्जंट द्यावं लागतं. तो वेगळा विषय आहे.

कोणता अर्क घ्यायचा

पेशीविना प्रथिन बनवणं नवं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे निरेनबर्ग आणि मथाई यांनी ई. कोलायच्या अर्कात नुसत्या यू-यू-यू अशा आरएनएपासून फेनिलअलानिनची साखळी बनवली आणि जनुकीय लिपीचा पहिला शब्द उलगडला. तत्त्व आजही तेच आहे. पेशी फोडायची, रायबोसोम आणि बाकी यंत्रणा शाबूत ठेवायची, आणि तिला आपला संदेश वाचायला द्यायचा.

आज बाजारात ई. कोलायचा अर्क, गव्हाच्या अंकुराचा अर्क, सशाच्या रेटिक्युलोसाइटचा, म्हणजे कोवळ्या रक्तपेशींचा, लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) आणि एकेक घटक शुद्ध करून जुळवलेली प्युअर प्रणाली असे पर्याय मिळतात. ई. कोलायचा अर्क स्वस्त आणि उत्पादनही भरपूर, पण पूर्ण लांबीचा मानवी रिसेप्टर त्यात बहुधा गोळा होऊन खाली बसतो. फक्त संप्रेरकाचा कप्पा हवा असेल तर तो चालून जातो. गव्हाचा अर्क मोठ्या प्रथिनांना मानवतो. जपानमध्ये मात्सुयामाच्या एहिमे विद्यापीठात एंडो यांच्या गटाने अंकुर नीट धुऊन त्यांना चिकटलेला, रायबोसोम निकामी करणारा घटक काढून टाकला, तेव्हापासून हा अर्क तासन्‌तास काम करू लागला. प्युअर प्रणालीत सगळं स्वच्छ असतं, पण प्रथिनाला घडी घालायला मदत करणारे सोबती वेगळे घालावे लागतात.

माझी निवड सशाचा लायसेट. उत्पादनात तो सगळ्यांत मागे आहे, ५० मायक्रोलिटरमध्ये साधारण १०० ते ५०० नॅनोग्रॅम. तरीही निवड तीच, आणि कारण एचएसपी-९०, इतर प्रथिनांची घडी सांभाळणारं प्रथिन. स्टेरॉइड रिसेप्टर पेशीत एकटे राहत नाहीत. एचएसपी-७०, एचएसपी-९०, पी-२३ अशा प्रथिनांच्या टोळक्यात ते संप्रेरकाची वाट पाहत असतात, आणि हे सगळं टोळकं सशाच्या लायसेटमध्ये आयतं हजर असतं. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर तर एचएसपी-९० सुटला की संप्रेरक धरणंच सोडतो. इस्ट्रोजेन रिसेप्टर तितका अडून बसत नाही, पण संप्रेरक नसताना तोही याच सोबतीत टिकून राहतो. आधी इथे सक्रिय रिसेप्टर मिळवा, आपल्या चाचण्या बसवा. मोठ्या उत्पादनाच्या मागे त्यानंतर लागा.

लायसेट विकतच घ्या. तो करायचा म्हणजे सशाला औषध टोचून मुद्दाम रक्तक्षय घडवायचा, म्हणजे कोवळ्या रक्तपेशी वाढतात. त्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते आणि अनुभवी हात लागतात. मूळचे ग्लोबिनचे संदेश मायक्रोकॉकल न्यूक्लिएजने खाऊन टाकलेले असतात. या विकराला कॅल्शियम लागतं, म्हणून काम झाल्यावर ईजीटीएने कॅल्शियम बांधून ते बंद करतात. तुमच्या कुठल्याही घटकातून कॅल्शियम आत गेलं तर ते पुन्हा जागं होतं आणि तुमचाच संदेश खातं. हे लक्षात ठेवा.

प्लास्मिड: ४०० वं स्थान आधी बघा

टी-७ प्रमोटर (आरएनए बनवणं जिथून सुरू होतं तो तुकडा), त्यापुढे रायबोसोमला सुरुवातीची जागा दाखवणारा चांगला कोझॅक क्रम (जीसीसीएसीसी, मग एटीजी, मग जी), त्यामागे १७८८ अक्षरांचं वाचनक्षेत्र स्टॉपसकट, आणि शेवटी जमल्यास तीसेक ए-ची शेपटी. अशी रचना असलेलं प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) जोड-पद्धतीच्या किटला थेट चालतं. जोड-पद्धत म्हणजे टी-७ पॉलिमरेज त्याच नळीत आरएनए बनवतं आणि रायबोसोम लगेच ते वाचतात.

प्लास्मिड कुणाकडून मागवलं असेल तर संपूर्ण वाचनक्षेत्राचं सिक्वेन्सिंग करून घ्या आणि सगळ्यांत आधी ४०० वं अमिनो आम्ल बघा. १९८६ मध्ये एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमधून मिळालेल्या मूळ क्लोनमध्ये त्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन होतं. हा खरा मानवी फरक नव्हता, क्लोनिंगच्या वेळी घडलेला एका अक्षराचा बदल होता. स्ट्रासबुर्गच्या शाँबाँ यांच्या गटाने १९८९ मध्ये तो उघड केला. व्हॅलिनवाला रिसेप्टर ४ अंशांना इस्ट्राडायोल व्यवस्थित धरतो, पण २५ अंशांना त्याची रचना ढिली पडते आणि पकड कमी होते. असे जुने क्लोन अजून फ्रीजरमध्ये सापडतात, नावंही गोंधळात टाकणारी: एचई-शून्य म्हणजे व्हॅलिनवाला, एचईजी-शून्य म्हणजे ग्लायसिनवाला. मधल्या त्या एका जी-वर सगळं अवलंबून आहे. ट्यूबवरचं पुसट अक्षर वाचून तीन महिने काम केल्यावर हे कळणं फार जिव्हारी लागतं, म्हणून इतकं सांगतो आहे.

शुद्धता महत्त्वाची. मिनिप्रेपच्या (जिवाणूंतून प्लास्मिड काढायच्या किटच्या) पहिल्या बफरमध्येच आरएनेज-ए हे आरएनए कापणारं विकर असतं आणि त्याचा अंश मागे राहिला तर लायसेट गप्प बसतो. फिनॉल-क्लोरोफॉर्मचा एक हात द्या, इथेनॉलने खाली बसवा, ७० टक्के इथेनॉलने धुवा, पूर्ण वाळवा, आरएनेजमुक्त पाण्यात विरघळवा. टीई बफर नको, त्यातलं ईडीटीए मॅग्नेशियम ओढून घेतं. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर १.८ च्या खाली असेल तर पुन्हा स्वच्छ करा. तीव्रता मायक्रोलिटरला ०.५ ते १ मायक्रोग्रॅम ठेवा.

भारतात काम करत असाल तर प्लास्मिड वाढवण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवून ठेवा. किरणोत्सर्गी ट्रिशियम किंवा गंधक-३५ वापरायचं असेल तर मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या अणुऊर्जा नियामक परिषदेची रीतसर परवानगी लागते, आणि ती हातात येण्याआधी समस्थानिकाची ऑर्डर देता येत नाही. हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा, कारण वेळ यातच जातो.

अभिक्रिया

लायसेट उणे ८० अंशांवर ठेवा. पार्सल शुक्रवारी किंवा गणपतीच्या सुट्ट्यांच्या तोंडावर येणार असेल तर मागवूच नका. सुक्या बर्फाच्या डब्यात न उघडलेली ट्यूब सुरक्षित असते, पण उघडलेली ट्यूब सुक्या बर्फावर ठेवू नका; कार्बन डायऑक्साइड आत शिरून सामू खाली आणतो. पहिल्यांदा वितळवाल तेव्हाच छोटे भाग करा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, आणि दोनपेक्षा जास्त वेळा वितळवलेला भाग फेकून द्या. मुठीत धरून अर्धवट वितळवा, मग बर्फावर.

एका ५० मायक्रोलिटरच्या नळीत हे जातं:

जोड-पद्धतीचं तयार मिश्रण ४० मायक्रोलिटर
मेथिओनिन, १ मिलिमोलर, १ मायक्रोलिटर
आरएनेज-रोधक, ४० युनिट, १ मायक्रोलिटर
प्लास्मिड १ मायक्रोग्रॅम
उरलेलं आरएनेजमुक्त पाणी

पिपेटने हळू ढवळा, व्होर्टेक्स करू नका, फेस येऊ देऊ नका. ३० अंशांना ९० मिनिटं. नव्वद मिनिटांपुढे ठेवून प्रथिन वाढत नाही, झालेलं मात्र खराब होऊ लागतं. ३७ अंश टाळा.

डीएनएच्या भागातल्या दोन बोटांना प्रत्येकी चार सिस्टीन एकेक जस्त अणू धरून देतात. त्यासाठी झिंक क्लोराइड १० मायक्रोमोलर घालून एक नळी वेगळी करून पाहा. फायदा झाला तर ठेवा. जास्त जस्त भाषांतरच थांबवतं, म्हणून अंदाजाने वाढवत जाऊ नका. उत्पादन कमी असेल तर मॅग्नेशियम ॲसिटेट ०.२५ मिलिमोलरच्या पायऱ्यांनी वाढवून पाहणं अधिक कामाचं.

प्रत्येक वेळी तीन नळ्या लावाच: रिसेप्टरची, रिकाम्या प्लास्मिडची, आणि ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराच्या प्लास्मिडची. ल्युसिफरेज चमकला आणि रिसेप्टर आला नाही, तर दोष तुमच्या प्लास्मिडमध्ये. दोन्ही आले नाहीत, तर लायसेटमध्ये. रिकाम्या प्लास्मिडची नळी पुढच्या प्रत्येक चाचणीत लागणार आहे, म्हणून ती मोठी लावा.

वेळ झाली की नळ्या बर्फावर. संप्रेरक-बंधनासाठी ठेवायचा भाग वेगळा काढून त्यात १० टक्के ग्लिसरॉल आणि २० मिलिमोलर सोडियम मॉलिब्डेट घाला. मॉलिब्डेट रिसेप्टर आणि एचएसपी-९० यांची गाठ घट्ट ठेवतं. पण म्हणूनच डीएनए-बंधनाच्या भागात ते अजिबात नको, कारण तिथे ती गाठ सुटायला हवी असते.

जेल आणि ब्लॉट

लायसेटमधलं बहुतेक प्रथिन हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कूमासी रंगावर तुमचा रिसेप्टर दिसण्याची आशा धरू नका. एका खणात १ ते २ मायक्रोलिटरच घाला. १०० अंशांना उकळलं तर हिमोग्लोबिनच्या गाठी होऊन रेघा ओढल्यासारख्या दिसतात. ७० अंशांना १० ते १५ मिनिटं पुरतात. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवरची प्रथिनं पडद्यावर घेऊन प्रतिपिंडाने ओळखतात त्यात) खालच्या बाजूला जो मोठा चमकता डाग येतो तोही ग्लोबिनचाच, कारण हीम स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं. ब्लॉट त्या रेषेच्या वर कापून टाका.

६६ च्या खाली, ४६ च्या सुमारास दुसरी रेघ आली तर घाबरू नका आणि लगेच प्रथिनभंजकावर आळही घेऊ नका. १७४ वं अमिनो आम्ल मेथिओनिन आहे आणि रायबोसोम तिथूनही वाचायला सुरुवात करतो. हा छोटा रिसेप्टर माणसाच्या पेशींतही असतो. त्यात संप्रेरकाचा कप्पा आणि डीएनएची बोटं दोन्ही शाबूत असल्याने तो तुमच्या प्रत्येक चाचणीत भाग घेतो, म्हणून त्याचं प्रमाण नोंदवलंच पाहिजे. सुरुवातीच्या टोकावरची प्रतिपिंडं त्याला बघू शकत नाहीत, शेवटच्या टोकावरची बघतात. दोन्ही वापरा. फारच जास्त असेल तर पहिल्या एटीजीभोवतीचा कोझॅक क्रम सुधारा.

एकूण रिसेप्टर किती झाला ते मोजायला त्याच ब्लॉटवर शुद्ध रिसेप्टरच्या ५, १०, २०, ४० नॅनोग्रॅमच्या ओळी घ्या. समजा ५० मायक्रोलिटरमध्ये २०० नॅनोग्रॅम निघाला. म्हणजे मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅम, म्हणजेच सुमारे ६० नॅनोमोलर. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

संप्रेरक धरतो का

इस्ट्राडायोलची या रिसेप्टरशी पकड इतकी घट्ट आहे की विघटन-स्थिरांक (निम्मे रिसेप्टर भरायला लागणारी मोकळ्या संप्रेरकाची तीव्रता) एका नॅनोमोलरच्याही खाली येतो. म्हणूनच नॅनोग्रॅममध्ये मिळालेलं प्रथिन इथे पुरतं. आणि म्हणूनच एक चूक सहज होते. नळीत रिसेप्टरच जास्त झाला तर तो कमी तीव्रतेच्या नळ्यांमधलं जवळजवळ सगळं इस्ट्राडायोल पिऊन टाकतो, मोकळं काही उरत नाही, आणि पकड आहे त्यापेक्षा कमकुवत भासते. आपल्या ६० नॅनोमोलर लायसेटचा १ मायक्रोलिटर ५०० मायक्रोलिटर बफरमध्ये घातला तर रिसेप्टर ०.१२ नॅनोमोलर होतो. साधारण इथेच राहा.

बफर: ट्रिस १० मिलिमोलर, सामू ७.५, ग्लिसरॉल १० टक्के, डीटीटी १ मिलिमोलर, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. बीएसए टाळू नका. इस्ट्राडायोल प्लास्टिकला चिकटतं. काचेच्या छोट्या नळ्या सर्वांत चांगल्या. इथेनॉलचं अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या आत.

ट्रिशियमचं इस्ट्राडायोल ०.०५ ते ५ नॅनोमोलर अशा आठ तीव्रतांना घ्या. प्रत्येक तीव्रतेला दोन नळ्या नुसत्या, आणि दोन नळ्यांत बिनखुणेचं इस्ट्राडायोल दोनशे पट जास्त. दुसऱ्या जोडीत जे मोजलं जाईल ते बिनविशिष्ट चिकटलेलं, ते पहिल्यातून वजा करायचं. हाच सगळा संच रिकाम्या लायसेटवर निदान तीन तीव्रतांना करा. तिथे वजाबाकीनंतर जवळपास शून्य आलं पाहिजे. ४ अंशांना रात्रभर, १६ ते १८ तास, ठेवा.

मोकळं संप्रेरक काढायला डेक्स्ट्रान-कोळसा. सक्रिय कोळसा १ टक्का आणि डेक्स्ट्रान ०.१ टक्का त्याच बफरमध्ये आदल्या दिवशी ढवळून थंड ठेवा. कोळसा सारखा खाली बसतो, म्हणून चुंबकी ढवळणीवर ठेवूनच पिपेट करा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या नळीत वेगवेगळा कोळसा जातो. सगळ्या नळ्या बर्फावर, प्रत्येकीत कोळसा घातल्यापासून नेमकी दहा मिनिटं, मग थंड सेंट्रिफ्यूज. इथे रेंगाळलात तर कोळसा रिसेप्टरवरचंही संप्रेरक हळूहळू ओढून घेतो. एकावेळी बारापेक्षा जास्त नळ्या घेऊ नका. वरचा द्रव काळजीने काढा आणि द्रव-स्फुरण मोजणी यंत्रात घाला.

आता हिशेब. ट्रिशियमची विशिष्ट क्रियाशीलता मिलिमोलला १०० क्युरी असेल तर एका पिकोमोलला सुमारे २,२२,००० डीपीएम (दर मिनिटाला होणारी विघटनं). आपल्या नळीत रिसेप्टर ०.१२ नॅनोमोलर गुणिले अर्धा मिलिलिटर, म्हणजे ०.०६ पिकोमोल. सगळाच सक्रिय असेल तर भरलेल्या टोकाला १३,३०० डीपीएमच्या आसपास मिळायला हवेत. ६,६०० मिळाले तर अर्धा रिसेप्टर काम करतो आहे. ब्लॉटवरून काढलेला एकूण आणि इथून काढलेला सक्रिय, या दोहोंचं गुणोत्तर हा तुमच्या प्रयोगाचा खरा निकाल. दर बॅचला तो लिहा. आलेखाला थेट वक्र बसवणारं सॉफ्टवेअर वापरा. तेच आकडे सरळ रेषेत मांडणाऱ्या जुन्या पद्धतीची, म्हणजे स्कॅचर्डची, सरळ रेघ दिसायला छान असते, पण टोकाच्या एका वाईट बिंदूने सगळी वाकते.

हा संच २५ अंशांना दोन तास असाही एकदा करून पाहा. ४ अंशांना उत्तम आणि २५ अंशांना घसरण, असं दिसलं तर परत सिक्वेन्सिंगच्या कागदाकडे जा आणि ४०० वं स्थान पुन्हा वाचा.

ट्रिशियमची बीटा किरणं इतकी दुबळी असतात की हातातला गायगर काउंटर सांडलेलं दाखवत नाही. टेबल पुसून तो कागद मोजणी यंत्रात घालणं हाच तपास. गंधक-३५ लावलेलं मेथिओनिन वापरत असाल तर ट्यूब उघडताना उडून जाणारं किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडतं, म्हणून ते काम धूर-कपाटातच. किरणोत्सर्ग नकोच असेल तर फ्लुओरेसिन लावलेल्या इस्ट्राडायोलवर ध्रुवीकरण मोजता येतं, फक्त हिमोग्लोबिन प्रकाश गिळतं हे ध्यानात ठेवून लायसेट पुरेसा पातळ करावा लागतो.

डीएनए शोधतो का

बेडकाच्या व्हिटेलोजेनिन ए-२ जनुकाजवळचा क्रम इथला नेहमीचा साथी आहे: जीजीटीसीए, मध्ये तीन अक्षरं, मग टीजीएसीसी. एक अर्धा दुसऱ्याचं उलटं प्रतिबिंब, कारण रिसेप्टर जोडीने बसतो. दोन्ही बाजूंना दहाएक अक्षरं ठेवून दुहेरी तुकडा बनवा आणि त्यावर फ्लुओरेसंट किंवा फॉस्फरस-३२ ची खूण लावा. ताजा लायसेट २ ते ४ मायक्रोलिटर, पोटॅशियम क्लोराइड ८० ते १०० मिलिमोलर, पॉली-डीआय-डीसी (इतर प्रथिनांना गुंतवून ठेवणारा बिनविशिष्ट डीएनए) १ मायक्रोग्रॅम, इस्ट्राडायोल १०० नॅनोमोलर. खुणेचा तुकडा सर्वांत शेवटी. खोलीच्या तापमानाला २० मिनिटं, मग अर्ध्या तीव्रतेच्या टीबीई बफरमध्ये ५ टक्के जेल, थंड खोलीत. रिसेप्टर चिकटलेला तुकडा जेलवर मागे पडतो, म्हणून त्याची रेघ मोकळ्या तुकड्याच्या वर दिसते.

रिकामा लायसेटही या जेलवर एकदोन रेघा देतो, त्या सशाच्या प्रथिनांच्या. म्हणून शेजारी रिकाम्या लायसेटची ओळ, बिनखुणेच्या तुकड्याने हटणारी ओळ, अर्ध्या भागात दोन अक्षरं बदललेल्या तुकड्याने न हटणारी ओळ, आणि प्रतिपिंडाने आणखी वर सरकणारी ओळ हवी. चारही जुळल्या तर शंका उरत नाही. इस्ट्राडायोलशिवायही रेघ आली तर प्रयोग फसला असं समजू नका. परीक्षानळीत हा रिसेप्टर संप्रेरक नसतानाही डीएनए धरताना दिसतो. संप्रेरकावरचं अवलंबित्व दाखवायला ही चाचणी योग्य नाही, त्यासाठी पेशी लागतात.

साठवण

शक्यतो त्याच दिवशी वापरा. ठेवावंच लागलं तर २० टक्के ग्लिसरॉलसह १० मायक्रोलिटरचे भाग, द्रव नायट्रोजन, उणे ८०. गोठवून वितळवलेल्या पहिल्या भागाची बंधन-चाचणी भरलेल्या एकाच तीव्रतेला करून घ्या आणि ताज्याशी ताडून पाहा. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा करा. एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका, त्यातला उरलेला जेलच्या मार्करसाठी चालेल. झाकणावर तारीख, लायसेटचा लॉट आणि सक्रिय टक्का लिहा. त्या बॅचवर टॅमॉक्सिफेन किंवा सोयाबीनमधल्या जेनिस्टाइनची स्पर्धा-चाचणी लावायची असेल, तर नळीत किती मायक्रोलिटर घालायचं हे त्या टक्क्यावरूनच ठरवायचं आहे.